नागदेवीच्या बाजारात गणिताची पेटी: काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

मशीद स्टेशनच्या पश्चिमेला उतरून दहाएक मिनिटं चाललं की नागदेवी स्ट्रीट. हत्यारं, पाइप, व्हॉल्व्ह, नट-बोल्ट, बेअरिंग यांसाठी हा बाजार सगळ्या मुंबईला माहीत आहे. हे परीक्षण मात्र वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे. आयटीआयचे निदेशक, खाजगी प्रशिक्षण केंद्रवाले, वस्तीत प्लंबिंग-वायरिंगचे वर्ग चालवणारे, म्हणजे ज्यांना मुलांकडून मोजमाप, अपूर्णांक, दशांश आणि लेबल वाचणं पक्कं करून घ्यायचं आहे, त्यांना या बाजारात काय मिळतं आणि ते वर्गात कसं टिकतं, एवढाच इथे प्रश्न.

वेल्डर आणि वायरमन या ट्रेडला आठवी पास चालतं. दाखला असतो, पण भागाकार येईलच याची खात्री नसते. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणाची २०२३ची पाहणी ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची होती. वस्तू पट्टीच्या शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्य सोडून दुसऱ्या कुठल्या आकड्यापासून ठेवली तर बरोबर उत्तरं ३९ टक्क्यांवर आली. ही चूक खेड्यापुरती नाही. मुंबईतल्या कुठल्याही नव्या तुकडीच्या हातात पट्टी द्या, तेच दिसेल.

शाळेच्या साहित्याच्या दुकानात तयार ‘गणित पेटी’ मिळते. ती घेऊ नका. त्यातल्या रंगीत चकत्या तिसरीच्या मुलांसाठी असतात. मिसरूड फुटलेल्या मुलापुढे त्या ठेवल्या की तो पहिल्याच तासाला मनातून उठून जातो. तेच अपूर्णांक पाइप जोडायच्या अर्धा इंची सॉकेट आणि पाऊण इंची निपलवर शिकवले तर त्याला ते कामाचं वाटतं, आणि ते असतंही.

पण हत्यार निवडताना वर्कशॉपपेक्षा कडक नजर लागते. सैल हुकाची टेप हातात आली की जुना फिटर ती दोन मिनिटांत ओळखतो आणि मनातल्या मनात वजाबाकी करून काम चालवतो. शिकाऊ मुलाला हे जमत नाही. त्याचं उत्तर दोन मिमीने चुकलं तर चूक त्याची की टेपची, हे निदेशकालाही सांगता येत नाही, आणि बहुतेक वेळा बोल मुलालाच लागतो. म्हणून २० जणांच्या तुकडीसाठी दोघांत एक या हिशेबाने १० स्टील पट्ट्या, चौघांत एक म्हणून ५ टेप घ्या, पण सगळं एकाच बनावटीचं आणि शक्यतो एकाच लॉटचं.

स्टीलची पट्टी ३० सेंमीची घ्या. आकडे कोरलेले हवेत. नुसत्या छापलेल्या पट्टीवरचे पहिले दोन-तीन सेंमी लवकर पुसतात, आणि मुलं सगळ्यात जास्त वापरतात ते तेवढेच. काही पट्ट्यांवर सुरुवातीच्या भागात अर्ध्या मिमीच्या रेषा असतात, तर इंचाच्या बाजूला एका तुकड्यात १/१६, पुढच्यात १/३२, त्यापुढे १/६४. कारागिराला ही सोय आहे, नवशिक्याला चकवा. पट्टीच्या मध्यावर रेषांचा अर्थ बदलतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सबंध लांबीभर १ मिमी आणि १/१६ इंच असलेली पट्टी मागा. नाहीच मिळाली तर बारीक रेषांवर चिकटपट्टी लावून सुरुवात करा. आणखी एक फरक दाखवावा लागतो. शाळेच्या प्लास्टिक पट्टीवर शून्य कडेपासून थोडं आत असतं, स्टीलच्या पट्टीवर अगदी कडेलाच. शाळेची सवय घेऊन आलेला मुलगा काही वेळा कड सोडून पहिल्या रेषेपासून मोजतो आणि प्रत्येक माप एक मिमीने हुकतं.

पट्टी वापरायला शिकवायची ती मुद्दाम १० सेंमीपासून. फिटर झिजलेली कड टाळण्यासाठी पुढच्या खुणेपासून मोजतात आणि तेवढं वजा करतात, म्हणजे ही वर्गातली कृत्रिम कसरत नाही. वजा करायला विसरला तर १४२ मिमीचा तुकडा २४२ मिमीचा लिहिला जातो. इतकी मोठी चूक डोळ्यांनी कशी पकडायची, तेही त्याच तासाला सांगता येतं: वीत लावून बघ.

टेप हा या बाजारातला सगळ्यात फसवा माल. तिच्या टोकाचा हुक थोडा हलतो, आणि तो हलायलाच हवा. हुकाच्या पत्र्याची जितकी जाडी तितकाच तो पुढेमागे सरकतो. कडेला अडकवून ओढली तर हुक बाहेर जातो, भिंतीला टेकवून दाबली तर आत जातो, म्हणून दोन्ही वेळा माप बरोबर येतं. मुलं हा सैलपणा बिघाड समजतात आणि रिबिट ठोकून बसवतात. मग टेप कायमची खोटी होते. स्वस्त मालात उलटा प्रकार असतो, सैलपणा जाडीपेक्षा जास्त. दुकानातच परीक्षा घ्या. स्टीलच्या पट्टीच्या टोकाला हुक अडकवून ३० सेंमीची खूण जुळते का पाहा, मग पट्टी आणि टेप दोन्ही भिंतीला टेकवून तेच करा. दोन्हींत तफावत दिसली तर ती टेप ठेवून द्या. टेपवर लंबगोलात रोमन दोन असेल तर ती अचूकतेच्या दुसऱ्या वर्गाची, ५ मीटरवर १.३ मिमीपर्यंत चूक मान्य असलेली. प्रशिक्षणाला ती पुरते. अचूकतेच्या वर्गाची खूणच नसलेल्या टेपा ढिगाने मिळतात, त्या घेऊ नका.

टेपच्या वरच्या कडेला फूट-इंच आणि खालच्या कडेला सेंमी असतात, आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते. पाच फूट सहा इंच हे मुलगा ५.६ फूट असं लिहितो आणि कॅल्क्युलेटरवर तसंच गुणतो. खरं उत्तर ५.५. आठ फूट तीन इंच म्हणजे ८.२५, ८.३ नव्हे. फरक किरकोळ दिसतो, पण खोलीची लांबी-रुंदी गुणून टाइल्स मागवल्या की तो पेटीभर होतो. टेप उघडी ठेवून विचारा: एका फुटात दहा घरं आहेत की बारा? फळ्यावर सूत्र लिहिण्यापेक्षा याने लवकर डोक्यात शिरतं.

आता पाइपांच्या गल्लीत. आमच्या मते या बाजाराची खरी किंमत इथेच वसूल होते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचे वीतभर तुकडे कापून मागा: अर्धा, पाऊण आणि एक इंची. सोबत त्याच मापाचे सॉकेट. मुलांना पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे तोंडी उत्तम येतं. तेच १/४, ३/४ असं लिहिलं की गडबड होते, आणि ‘चार मोठा म्हणून पाव मोठा’ हे उत्तर सर्रास येतं. म्हणून प्रत्येक तुकड्यावर खडूने चारही रूपं लिहायला लावा. पाऊण इंच, ३/४, ०.७५, सहा सूत. आठ सूत म्हणजे एक इंच हे कारागिराचं माप वर्गाच्या पुस्तकात क्वचितच दिसतं, साइटवर मात्र दिवसभर कानावर पडतं. सुताची मिमीत किंमत ३.१७५. साइटवर ‘तीन मिमी’ म्हणून काम भागतं, पण आठ सूत जोडले की २४ येतात, २५.४ नाही. हाच फरक दाखवून अंदाज कुठे चालतो आणि कुठे नाही, ते सांगता येतं.

पाइप मोजायला दिला की एक गोंधळ हमखास होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, हे मुलाने नुकतंच शिकलेलं असतं. पाइप बाहेरून मोजला तर २१ मिमीच्या वर येतो, आतून साधारण १६. तो स्वतःचंच मोजमाप खोडतो. अर्धा इंच हे पाइपचं नाव आहे, प्रत्यक्ष माप नव्हे, हे आधी सांगू नका. त्याला मोजू द्या, गोंधळू द्या, मग सांगा. कागदावर तोच पाइप १५ मिमी लिहिलेला असतो, तेही दाखवा. पाऊण इंची बाहेरून साधारण २७, एक इंची साधारण ३४ भरतो.

दशांशासाठी ड्रिलचा संच घ्या, १ ते १३ मिमी, अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या पायरीने, २५ नगांचा. दांड्यावर माप कोरलेलं असायलाच हवं. न वाचता येणारा आकडा असेल तर सगळा संच फुकट. सगळी ड्रिल काढून मिसळायची आणि पेटीतल्या भोकांत परत लावायला सांगायचं. मोठं ड्रिल छोट्या भोकात जात नाही, छोटं मोठ्यात जातं, पण मग शेवटी एक ड्रिल हातात उरतं. चूक कोणी दाखवावी लागत नाही. त्यानंतर एक सुटं पाव इंची ड्रिल द्या, म्हणजे ६.३५ मिमी. ते ६.५च्या आधी की नंतर? ‘पस्तीस पाचापेक्षा मोठे’ म्हणून बरेच जण नंतर ठेवतात. ६.५ला ६.५० लिहायला सांगितलं की निम्म्यांचं काम होतं, उरलेल्यांना व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घेणारं साधन, द्यावं लागतं.

व्हर्नियरबद्दल थोडक्यात. डिजिटल घेऊ नका, निदान पहिल्या महिन्यात नको. पडद्यावर उत्तर येतं आणि वाचणं राहून जातं. प्लास्टिकचं स्वस्त व्हर्नियर रेषा जुळवायला शिकण्यापुरतं चांगलं, पण जबडे वाकतात, त्यामुळे त्याने आलेल्या मापावर वाद घालू नका. पाच प्लास्टिकची आणि ०.०२ मिमीपर्यंत वाचणारं एक स्टीलचं, एवढं पुरे. स्टीलचं घेताना जबडे मिटून उजेडाकडे धरा. फटीतून उजेड आला किंवा दोन्ही शून्यं जुळली नाहीत तर दुसरं मागा. दुकानदार कुरकुरत नाहीत, त्यांना ही परीक्षा माहीत असते.

शिवणवर्गाची टेप या गल्लीतून आणण्यात अर्थ नाही. कुठूनही आणा, पण ५० इंचाची खूण बरोबर १२७ सेंमीवर येते का एवढं पाहा. ताणलेली टेप तिथे पकडली जाते.

वायरमन-इलेक्ट्रिशियनच्या वर्गासाठी तिथूनच चालत लोहार चाळ हा विजेच्या सामानाचा बाजार गाठा. मीटरभर वायर दोन जाडीची घ्या, १ चौरस मिमी आणि ४ चौरस मिमी. क्षेत्रफळ चौपट, पण तांब्याचा व्यास साधारण दुप्पटच. ‘चारची वायर चौपट जाड’ हा समज सोलून दाखवल्याशिवाय जात नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे रिकामी खोकी. एमसीबीचं (जास्त करंट आला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचचं) खोकं, गीझरचं स्टिकर, वायरच्या गुंडाळीवरची चिठ्ठी हे वाचनाचं साहित्य दुकानदार बहुधा फुकट देतात. एमसीबीवर सी१६ लिहिलेलं असतं, चौकटीत ६००० असतं. त्यातलं १६ अँपिअर कोणतं आणि शॉर्टसर्किटची ६००० अँपिअरची मर्यादा कोणती, हे न उलगडता मुलगा दोन वर्षं काढू शकतो. मराठी छपाई क्वचित सापडते. सगळं भाषांतर करून देऊ नका. लोड, रेटेड, न्यूट्रल, अर्थ असे वारंवार येणारे वीस-तीस शब्द देवनागरीत आणि छापील इंग्रजी रूपात शेजारी-शेजारी भिंतीवर लावा, आणि मग खोक्यावर ते शोधायला सांगा. गीझरच्या स्टिकरवरून गणितही निघतं: २००० वॉट भागिले २३० व्होल्ट, साधारण ८.७ अँपिअर. ६ अँपिअरचा सॉकेट का चालत नाही, ते त्यानेच सांगावं.

आकडे तोंडी सांगून लिहून घेण्याचा सराव याच खरेदीच्या यादीवर करा. मुंबईच्या तुकडीत मराठी आणि हिंदी दोन्ही कानावर पडतात. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, उनसठ आणि उनहत्तर यांत अदलाबदल होते आणि ६९चा तुकडा ७९चा कापला जातो. साइटवर ‘सहा-नऊ’ असं सुटे अंक म्हणून माप सांगण्याची पद्धत पहिल्या आठवड्यापासून लावा.

बिल पक्कं घ्या. संस्थेच्या हिशेबाला ते लागतंच, शिवाय वर्गात टक्केवारीसाठी त्यासारखं साधन नाही. हत्यारांच्या बिलावर बहुधा ९ अधिक ९ असा १८ टक्के जीएसटी लागलेला असतो. करासह २३६ रुपयांच्या वस्तूची मूळ किंमत विचारा. बहुतेक मुलं २३६चे १८ टक्के काढून वजा करतात आणि १९३.५२ सांगतात. बरोबर उत्तर २००. भागायचं १.१८ने. पुढे स्वतःची कोटेशन देणाऱ्या प्लंबरचे पैसे नेमके याच पायरीवर बुडतात.

बाजाराबद्दल तक्रारी आहेतच. किरकोळ गिऱ्हाइकाकडे संध्याकाळी लक्ष जात नाही, सकाळी दुकानं उघडल्या-उघडल्या गेलेलं बरं. रविवारी सगळं बंद. हातगाड्या आणि हमालांच्या वाटेत उभं राहून टेप तपासणं सोपं नाही, म्हणून दुकानाच्या आत जाऊन तपासा. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा. शेजारच्या दोन दुकानांतही फरक असतो. गाडी नेऊ नका. आणि पैसे देण्याआधी एवढं बोलून घ्या, की वर्गात तपासल्यावर खोटी निघालेली टेप आठवड्याभरात बदलून मिळेल का. ‘हो’ म्हटलं तर बिलाच्या मागे तसं लिहून घ्या.