नौपाड्यातील सीटी स्कॅन केंद्र : आधीची विचारपूस चोख, नंतरच्या सूचना अपुऱ्या

गेल्या महिन्यात माझ्या 68 वर्षांच्या वडिलांचा पोटाचा कॉन्ट्रास्ट (अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देऊन सीटी स्कॅन ठाण्याच्या नौपाड्यातील एका केंद्रात करून घेतला. त्यांना मधुमेह असल्याने आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टचा मूत्रपिंडांवर काय परिणाम होईल, हीच आमची मुख्य काळजी होती. वेळ ठरवतानाच केंद्राने क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ताजा अहवाल मागितला, त्यावरून ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज; आकडा कमी तर काम मंद) काढला आणि तो 52 आल्यावर तेथील रेडिओलॉजिस्टने समजावले की धोका प्रामुख्याने 30 पेक्षा कमी ईजीएफआर असलेल्यांना, किंवा ज्यांच्या मूत्रपिंडांना नुकतीच इजा झाली आहे अशांना असतो, आणि त्यांना शक्यतो आधी शिरेतून सलाईन दिले जाते. पूर्वी कॉन्ट्रास्टवर जेवढा ठपका ठेवला जाई तेवढा आता ठेवला जात नाही, कारण आजारी माणसाचे क्रिएटिनिन इतर कारणांनीही वाढते, हेही त्यांनी सांगितले. एवढे बोलायला वेळ काढणारे डॉक्टर विरळाच.

उणीव नंतरची. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध चालू ठेवायचे की 48 तास थांबवायचे, हे काउंटरवर कोणालाच ठामपणे सांगता आले नाही. ईजीएफआर 30 च्या वर असताना सहसा ते थांबवावे लागत नाही, हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून कळले. वेदनाशामक गोळ्या टाळण्याविषयी छापील सूचनाही नव्हती. गाडी लावायला जागा नाही, हे नौपाड्यात वेगळे सांगायला नको. दोन दिवसांनी केलेल्या तपासणीत क्रिएटिनिन पूर्वीइतकेच होते. पुढचा स्कॅनही तिथेच करू, मात्र औषधांची यादी आधी आमच्या डॉक्टरांना दाखवून.