२७,५०० रुपयांचा कापूस

खान्देशात राहून मूठभर कापसाला २७,५०० रुपये मोजणारा बहुधा मी पहिलाच. तोही एकाच बाजूला भरलेला.

फॉस्टेक्स कंपनीचा टी५०आरपी हा हेडफोन तुम्हाला माहीत असेल. प्लेनार, म्हणजे आत सपाट पातळ पडदा असलेला, दिसायला साधा, पण खोलून फेरफार करणाऱ्यांचा लाडका. कानावरच्या कपांमध्ये फेल्ट (नमद्यासारखं कापड) लावा, चिकणमातीचे थर द्या, गाद्या बदला, आवाज पार बदलतो. अमेरिकेत डॅन क्लार्कने याच हेडफोनवर काम करून धंदा उभा केला. त्यामुळे जळगावात एक जण ‘मॉडिफाइड’ टी५०आरपी बनवून विकतो हे कळलं तेव्हा संशय यायचं काही कारणच नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण घरी सगळ्यांनी मला येडं ठरवून टाकलंय.

रविवारी भुसावळहून रेल्वेने गेलो. माणूस गोड. “या भो, आधी जेवून घ्या.” त्याच्या आईने भरीत-पुरी वाढली. ज्या घरचं भरीत खाल्लं तिथे घासाघीस कोण करतो?

मग डेमो. टेबलावर ॲम्प (ॲम्प्लिफायर), एक मूळ हेडफोन, एक मॉडिफाइड. आधी मूळ ऐकवला. तबल्याचा बायां म्हणजे पत्र्याच्या डब्यावर बोट मारल्यासारखा. मग “थांबा, पिन बदलतो” म्हणत तो ॲम्पसमोर पाठ करून उभा राहिला, आणि दुसरा माझ्या डोक्यावर चढवला. बायां असा घुमला की अंगावर काटा आला.

तो बाजूला झाला तेव्हा ॲम्पच्या बटणावरचा पांढरा ठिपका मला दिसला. आधी दहावर होता, आता बारावर. दिसला मला! आणि मी काय केलं? मीच स्वतःची समजूत घातली, की कपात फेल्ट भरल्यावर थोडा आवाज खाणारच, म्हणून वाढवला असेल. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय मी. दोन आवाजांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी मोठा तो चांगला वाटतो, आणि फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मांडलंय की आवाज वाढवला की कानाला खालचे सूर जास्त भरतात. हे सगळं पाठ. तिथे एक शब्द फुटला नाही तोंडातून. भरीत पोटात होतं ना.

आणखी एक पाहिलं नाही. मूळ हेडफोनच्या गाद्या चपातीसारख्या दबलेल्या होत्या. गादी कानाभोवती नीट बसली नाही की बास, म्हणजे खालचे सूर, गळून जातो, हेडफोन कितीही चांगला असो. दोन हेडफोन ताडायचे तर गाद्या सारख्या मागा. आणि बटण आपल्या हातात ठेवा, विकणाऱ्याच्या नाही.

किंमत २९,५००. “रोख दिले तर दोन हजार कमी.” ५,००० यूपीआयने आगाऊ दिले. आठवड्याने “तुमच्यासाठी नवा बनवलाय” म्हणून डबा दिला, तेव्हा २२,५०० रोख. रोख देऊ नका. पावती नाही, काही नाही.

घरी लावला तर डावीकडे आवाज भरलेला, उजवीकडे पोकळ. फोन केला. “२०० तास वाजू द्या, मग खुलेल.” मी खरंच वाजवला. कपाटात, गोधडीखाली, नऊ दिवस, रात्रंदिवस. आई विचारायची, “तुन्हा कानले काय व्हयनं?” हे २०० तास म्हणजे पैसे पचवायची मुदत असते, लिहून ठेवा. दहाव्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

मग गादी काढून स्क्रू खोलले. डाव्या कपात जुन्या उशीतला असावा असा पिवळट कापूस, त्यात सरकीचा एक तुकडा. उजव्यात काहीच नाही. ‘शुद्ध चांदीची’ केबल ब्लेडने खरवडली, तर वरून पांढरी, आत लालभडक तांबं.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, “हेडफोनला २७,५००?” आणि पलीकडच्याला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. दोघं हसले. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम काढलं, तर म्हणे तुम्हीच ऐकून, पसंत करून घेतला, ही दिवाणी बाब. अर्ज ठेवून जा. पोच मागितली तर शिक्का साहेबांकडे, आणि साहेब बंदोबस्तात. तीन चकरा झाल्या, तिन्ही वेळा बंदोबस्त. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी फक्त ऑनलाइन दिलेले ५,००० लिहून घेतले, आणि इतक्या दिवसांनी रक्कम गोठवणं अवघड, असं सांगितलं. बरोबर आहे, तिथे लगेच कळवावं लागतं, पण मी तेव्हा गोधडीखाली तास मोजत होतो ना! ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, बिल आणा. बिल असतं तर वकिलाकडे कशाला आलो असतो? चौथ्या चकरेला अंमलदार म्हणाला, “आवाज तर येतो ना त्यातून? मग फसवणूक कसली?”

यावर काय बोलणार.

घेण्याआधी समोर खोलून दाखवायला सांगा. ‘सील तुटेल’ म्हणाला तर उठा. आणि कुणाच्या घरी जेवू नका.

काल त्याची नवी जाहिरात दिसली. नाव दुसरं, नंबर दुसरा, टेबल तेच. किंमत ३२,०००.