ऑडी टीटीला पॉलियुरेथेन बुश: पुढे घाला, मागे रबरच राहू द्या

घाटातल्या वळणावर ब्रेक दाबला की नाक एका बाजूला जातं. हायवेवर सरळ जातानासुद्धा स्टिअरिंग बारीक बारीक सावरत राहावं लागतं. स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढून एकच 'टक्' येतो. दुसऱ्या पिढीच्या टीटीत (2006 ते 2014) ही तीन लक्षणं एकत्र दिसली, की शॉकअप बदलायच्या आधी लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यात बसवलेले रबरी तुकडे, बघा. रबर वयाने फाटतं, गाडी कमी चालली असली तरी. गॅरेजमध्ये उभी राहून जपलेल्या गाडीचे बुशही तडकलेले निघतात.

हे परीक्षण पॉवरफ्लेक्स या ब्रँडच्या, रस्त्यासाठीच्या जांभळ्या पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) बुशचं आहे. निकाल आधीच सांगतो. पुढच्या लोअर आर्मला हे बुश जरूर घाला, पैसे वसूल होतात. स्टॅबिलायझर बारलाही (वळणावर गाडीचा झुकाव कमी करणारा दांडा) घाला. मागच्या ट्रेलिंग आर्मला (मागच्या चाकाला पुढून धरणारा आर्म) मात्र ऑडी कंपनीचं नवं रबरच बसवा. 'सगळी गाडी पॉली करून टाका' हा सल्ला टीटीसाठी चुकीचा आहे.

कारण समजून घेण्यासारखं आहे. रबरी बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली झाला की रबर पिळलं जातं. तिथे घसरण काहीच नसते. पॉलियुरेथेन कुठेच चिकटवलेलं नसतं, ते स्टीलच्या नळीवर फिरतं, म्हणून त्याला ग्रीस लागतं. म्हणजे एकाच आसाभोवती फिरणाऱ्या जागी पॉली उत्तम. जिथे बुशाला सगळ्या दिशांनी वाकावं लागतं, तिथे ते अडतं. टीटीच्या पुढच्या लोअर आर्मचे दोन्ही बुश जवळजवळ एका रेषेत आहेत, आर्म दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. मागचा ट्रेलिंग आर्म म्हणजे पोलादाची चपटी पट्टी. चाक वर गेलं की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) बदलतात, आणि त्याबरोबर ही पट्टी पिळली जाते. तिच्या टोकाच्या मोठ्या बुशाने चारी बाजूंनी थोडं थोडं द्यायचं, अशी ती रचनाच आहे. तिथे कडक बुश घातला तर तो पीळ पट्टीवर आणि ब्रॅकेटवर जातो, आणि खडबडीत वळणावर मागची चाकं उड्या मारतात.

पुढे फरक कुठे पडतो? ब्रेक लावला की चाक मागे रेटलं जातं आणि आर्मचा मागचा बुश दबतो. आर्म सरकतो, पण स्टिअरिंगचा टाय रॉड जागेवरच राहतो, त्यामुळे टो बदलतो. फाटलेल्या बुशात हा बदल डाव्या-उजव्या चाकाला सारखा होत नाही, म्हणून गाडी ओढते. जांभळ्या बुशात तो जवळजवळ दिसेनासा होतो. करूळ घाटात उतरताना वळणाच्या तोंडाशी ब्रेक सोडून स्टिअरिंग फिरवलं, की गाडी लगेच वळते, आधीचा अर्ध्या क्षणाचा ढिलेपणा जातो. पन्हाळ्याच्या चढावरही हे जाणवतं, पण उतारावर जास्त.

किंमतही मोजावी लागते, आणि ती पैशाचीच नाही. जांभळ्याचा कडकपणा 80 शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप, आकडा जास्त तेवढं कडक), याच ब्रँडच्या रेसिंगच्या काळ्या बुशाचा 95. पावसाळ्यानंतरच्या कोल्हापुरात जांभळ्या बुशावर खड्ड्याचा ठोका रबरापेक्षा स्पष्ट लागतो, सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा आवाजही थोडा वाढतो. रोज चालवायला ते सहन होतं. काळा बुश रस्त्यावर घालू नका. त्याचा फायदा ट्रॅकवर, स्लिक टायरवर आहे, आपल्या रस्त्यांवर तो नुसता त्रास आहे.

आता उद्यमनगरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या लेथ-कारखान्यांच्या वसाहतीचा प्रश्न, कारण तो इथे निघणारच. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) रॉड आणून लेथवर बुश टर्न करून घेता येईल का? करून देणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. अडचण मालाची आहे. बाजारातला रॉड बहुतेक करून प्रेस टूलच्या कामाचा असतो, साधारण 90 शोअरचा, म्हणजे रस्त्याच्या बुशापेक्षा कडक. शिवाय पीयू दोन जातींचं असतं. पॉलिएस्टर जातीचं पाण्याने आणि दमट हवेने हळूहळू खराब होत जातं, पॉलिईथर जातीचं टिकतं. रॉडवर हे लिहिलेलं नसतं. गगनबावड्याच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला चुकीची जात घातली, तर बुश काही पावसाळ्यांत चिकट होऊन चुरा होतो. तिसरी गोष्ट आतल्या नळीची. माइल्ड स्टीलची नळी गंजते, आणि गंज पीयूला कानशीसारखा खातो. पॉवरफ्लेक्सच्या किटमधली नळी स्टेनलेस स्टीलची येते. नळीची लांबीसुद्धा महत्त्वाची: ती बुशापेक्षा दोन-तीन दशांश मिलिमीटर बाहेर उरली पाहिजे, म्हणजे बोल्ट नळीला आवळतो आणि बुश मोकळा फिरतो. नळी बुशाच्या बरोबरीची केली की बोल्ट बुशालाच चिमटतो, आर्म जाम होतो आणि वळणाला कर्कश आवाज येतो. टर्न केलेल्या बुशांची सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

म्हणून बुश किटचेच घ्या. उद्यमनगरातून करून घ्या ते मँड्रेल (दाबायचा गोल ठोकळा) आणि कप. जुना बुश दाबून काढायला त्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान मँड्रेल आणि समोर बुश आत मावेल असा कप, एवढे दोन नग आधी मापाने तयार असले, की प्रेसवरचं काम सुरळीत होतं.

बसवण्याची पद्धत जरा सविस्तर, कारण बिघाड इथेच होतो.

गाडी जमिनीवर असतानाच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. सबफ्रेमची (आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) जागा पंचने किंवा रंगाने खुणा करून ठेवा. टीटीत पुढचा कॅम्बर वेगळा ॲडजस्ट होत नाही, तो सबफ्रेमच्या जागेवरच ठरतो, आणि सबफ्रेम जराशी सरकली तरी स्टिअरिंग वाकडं दिसतं. झेनॉन दिवे असतील तर लोअर आर्मला लावलेली लेव्हल सेन्सरची बारीक दांडी आधी सोडा, नाहीतर आर्म खाली सुटताना ती मोडते. बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाकामधला गोलाकार सांधा) घट्ट बसलेला टेपर ठोकत बसू नका, आर्मकडचे तीन नट काढले की झालं. एस ट्रॉनिक (ऑडीचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या गाडीत डाव्या आर्मचा पुढचा बोल्ट बाहेर येताना गिअरबॉक्सला अडतो. खालचं डॉगबोन माउंटिंग (इंजिन पुढेमागे हलू न देणारा आखूड दुवा) सोडून इंजिन पुढे रेटावं लागतं. फिटरला हे आधी सांगा, नाहीतर तो बोल्ट कापायला ग्राइंडर उचलेल.

टीटीचा पुढचा आर्म ॲल्युमिनियमचा आहे. इकडे गॅसच्या ज्योतीने रबर जाळून बुश काढायची सवय सर्रास आहे. पोलादी आर्मला ते कसंबसं चालतं, ॲल्युमिनियमला अजिबात नाही. साधारण 200 अंशांपुढे तापलं की हीट ट्रीटमेंटने आलेली ताकद कमी होते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अशा आर्मवर घाट उतरणं जिवाशी खेळ आहे. प्रेसला दाद देत नसेल तर रबर ड्रिलने पोखरून काढा, मग हॅक्सॉ ब्लेडने बाहेरच्या नळीत एक चीर पाडा आणि ती आत वाकवून काढा. ब्लेड आर्मच्या भोकाला लागू देऊ नका. भोक बारीक पॉलिश पेपरने साफ करा, कडेची धार मोडा. काही किटमध्ये जुन्या बुशाची बाहेरची नळी ठेवायची असते, काहींत काढायची, म्हणून आधी सूचनापत्रक वाचा.

नवा बुश हाताने किंवा व्हाइसमध्ये दाबून बसतो. ग्रीस किटसोबत येतं तेच बुशाच्या आत, नळीवर आणि दोन्ही चेहऱ्यांवर (टोकाच्या सपाट बाजूंवर) भरपूर लावा. ते न मिळाल्यास सिलिकोन ग्रीस वापरा, गॅरेजमधलं साधं पिवळं ग्रीस नको. बोल्ट आवळल्यावर, बॉल जॉइंट जोडण्याआधी, आर्म हाताने वरखाली करून बघा. थोडा दाब देऊन तो एकसारखा फिरला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडकला तर बुश तिरका बसलाय किंवा नळी आखूड आहे. सस्पेन्शनचे हे बोल्ट ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंश फिरवून आवळायचे असतात. ते ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे. नवे बोल्ट किटमध्ये येत नाहीत, वेगळे मागवा.

मागे नवं रबर घातलंत तर त्याचा बोल्ट गाडी लटकत असताना पक्का करू नका. सुरुवातीला लिहून ठेवलेल्या उंचीइतकं चाक जॅकने उचला, मग आवळा. तसं न केल्यास रबर कायम पिळलेलं राहतं आणि फार लवकर फाटतं.

डॉगबोनला जांभळा इन्सर्ट घालायचा असेल तर माउंटिंग सुटलेलं असताना तेव्हाच घाला. पहिल्या गिअरला गाडी सोडताना पुढची चाकं जी थडथडतात, ते थडथडणं कमी होतं, पण एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावर कंप केबिनमध्ये येतो. आमच्या मते रोजच्या गाडीला तो नको. स्टॅबिलायझरचा बुश मागवण्याआधी बारचा व्यास व्हर्नियरने मोजा. प्रकाराप्रमाणे तो एखाद्या मिलिमीटरने वेगळा असतो, आणि तेवढ्या फरकाने खटखट पुन्हा सुरू होते.

संपूर्ण पुढच्या कामाला लिफ्टवर एक दिवस धरा. त्याच दिवशी अलाइनमेंट करा, आणि ती करताना मागचे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून चाकाचा कोन जुळवायचे) गंजलेले नाहीत ना हे पाहायला सांगा. कोकणात जाऊन-येऊन असलेल्या गाडीत ते हमखास धरलेले असतात. पाचशे किलोमीटरनंतर खाली जाऊन पाहणी करा: कुठे ग्रीस पूर्ण बाहेर आलंय का, बुश नळीवरून सरकलाय का. वर्ष-दोन वर्षांनी पावसाळा संपल्यावर करकर ऐकू आली, तर बोल्ट काढून पुसून पुन्हा ग्रीस भरा. बुश बदलायची गरज नसते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट बुशाच्या चेहऱ्यावर मारू नये, एवढं सांगून ठेवा.