लाल देऊळ ते पंचहौद: साडेतीनशे रुपयांची पायी फेरी

साडेतीन तारे द्यायची सोय इथे नाही, म्हणून चार दिलेत. अर्धा तारा कुठे गेला ते ओघात येईलच.

मी पुण्यात गुरुवार पेठेत पोळीभाजीचं दुकान चालवते. पंचहौदाच्या चर्चचा टॉवर आमच्या गच्चीवरून दिसतो. सासूबाईंची बीपीची गोळी त्याच्या टोल्यांवर ठरलेली असायची. पण बत्तीस वर्षांत मी स्वतः आत पाऊल टाकलं नव्हतं. दर जानेवारीत १८ ते २५ तारखेला बऱ्याच देशांतले ख्रिस्ती आपापसातल्या एकीसाठी प्रार्थनेचा आठवडा पाळतात. त्यानिमित्ताने काही हौशी मंडळींनी ही फेरी ठेवली होती. तीन प्रार्थनास्थळं आणि शेवटी सगळ्या धर्मांच्या लोकांचा परिसंवाद. नणंदेलाही ओढून नेलं.

सुरुवात कॅम्पातल्या लाल देवळापासून. रिक्षावाल्यांना एवढंच नाव ठाऊक. मूळ नाव ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, १८६७ साली पुरं झालं, पण ससून १८६४ मध्येच गेले. त्यांची कबर तिथेच आवारात आहे. दारात ओळखपत्र मागितलं. मागणारच, त्यांची काळजी त्यांना. पण आमच्या आयोजकांच्या मेसेजमध्ये याचं अवाक्षर नव्हतं. तिघी बाहेर राहिल्या, त्यांत आमची नणंद. तिच्या पर्समधून रेशनकार्डाची झेरॉक्स निघाली, ती काही चालली नाही. अर्धा तारा तिथे गेला. तिला बाहेर ठेवून माझंही आत फार लक्ष लागलं नाही.

मग चालत क्वार्टर गेटचं सिटी चर्च, रोमन कॅथलिकांचं. पेशव्यांच्या पदरी असलेल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली, त्यावर १७९२ साली पहिलं चर्च उभं राहिलं. इथे एक फादर बोलले. वयस्क, मराठी अगदी घाटावरची. त्यांनी फुलं उधळली नाहीत. म्हणाले, "बाकीच्या चर्चच्या लोकांबरोबर आम्ही या आठवड्यात प्रार्थना करतो, गातो, जेवतोसुद्धा. फक्त कम्युनियन, म्हणजे प्रभूच्या नावाची भाकरी आणि द्राक्षारस, एकत्र घेत नाही. मुख्य पंगतीलाच पानं वेगळी!" खानावळवालीला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

पंचहौदाला पोचेस्तोवर पाय बोलायला लागले होते. पवित्र नाम देवालय, १८८५ चं. मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्रित संस्थेचं. ही संस्था कशी झाली ते तिथल्या एका पाळकांनी सांगितलं, आणि माझ्या मते फेरीचे पैसे तिथे वसूल झाले. १९२९ साली लखनौला बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चं, म्हणजे सहा पंथ, एक झाले. एकेचाळीस वर्षं! (आमच्या वाड्याच्या वाटण्या एकोणीस वर्षांत उरकल्या, तरी लोक नावं ठेवतात.) अडलं कुठे, तर बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाने समजून घ्यायचा. तोडगा काय, दोन्ही चालतील. तरी अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर पडले. हे सांगताना पाळक हसत नव्हते, घरातली गोष्ट सांगावी तसं सांगत होते.

आणि मग ते चहाचं प्रकरण. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) पुण्यातल्या बड्या मंडळींना इथल्या मिशनमध्ये बोलावलं, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, आणि पुढे कोणी चहा घेतला त्याची यादी 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात छापून आली. टिळक, रानडे, दोघंही त्यात. ख्रिस्त्यांकडचा चहा म्हणजे धर्म बाटला, म्हणून प्रायश्चित्तापर्यंत गेलं ते. शाळेत शिकले होते, पण कुठल्या भिंतीपलीकडे झालं ते आत्ता कळलं. त्या भिंतीशेजारून मी रोज कोथिंबीर आणायला जाते.

परिसंवाद जवळच्या एका सभागृहात होता. पडद्यावर मोठमोठ्या सर्वधर्म सभांचे फोटो: शिकागो १८९३, असिसी १९८६, अबू धाबी २०१९, सगळ्या फोटोंत हात हातात. वक्ते पाच. सगळे धर्म शांतीच शिकवतात, हे पाचही जणांनी सांगितलं. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं सोडून सगळं बोलतात, तसं वाटलं. माइक खरखरत होता. एका निवेदनाने मात्र डुलकी मोडली: १०५४ मध्ये रोम (कॅथलिकांचं मुख्य पीठ) आणि कॉन्स्टँटिनोपल (ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचं) यांनी एकमेकांना बहिष्कृत केलं होतं, ते डिसेंबर १९६५ मध्ये मागे घेतलं. नऊशे अकरा वर्षं. मी हात वर करून विचारलं, मग आता पंगत एक झाली का? निवेदक म्हणाले, "वेळेअभावी प्रश्न नंतर घेऊ." घेतले नाहीत. मागच्या रांगेतून फादरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही.

शेवटी चहा. कागदी कप, अति गोड, आलं नावाला. नणंदेचे पौषातले रविवार चालू, म्हणून तिने बिस्किटं माझ्या कपावर ठेवली आणि चहा घेतला. समोर कीर्तनकार बुवा आणि एक मौलाना एकाच बशीतली बिस्किटं बुडवून खात होते, गुडघेदुखीवर बोलत होते. परिसंवादापेक्षा ते ऐकण्यासारखं होतं.

जाणार असाल तर आधारकार्ड न्या, चप्पल जुनी घाला. परिसंवादाला थांबलं नाहीत तरी चालेल, चहाला थांबा.