३५ घ्यावी की ५०? इंदूरच्या सराफ्यात पाठ पोळलेल्या माणसाचं मत

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सचा कंटाळा आला की प्रश्न ठरलेला, ३५ एमएम घेऊ की ५०, दोन्ही एफ १.८ वाल्या, म्हणजे भरपूर उजेड आत घेणाऱ्या. मी आधी ५० घेतली, वर्ष-सव्वा वर्ष वापरली, मग ३५. लिहितोय ते निकॉनच्या क्रॉप बॉडीवरचं, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावरचं, मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेमवाल्यांनी मनावर घेऊ नका.

५० ला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. चेहरा काय देखणा येतो तिच्यातून! भाच्याच्या मुंजीत मातृभोजनाचे फोटो तिनेच काढले, मागचा सगळा मांडव धूसर आणि बटू तेवढा लख्ख. ३५ ने तेवढाच चेहरा भरायचा तर फार जवळ जावं लागतं, मग नाक मोठं दिसतं आणि आत्या रुसतात.

पण माझं घोडं अडलं सराफ्यात. रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात, गर्दी तर तुम्हाला माहितीच आहे. क्रॉपवर ५० म्हणजे फुल फ्रेमवरच्या ७५ सारखी दिसते, चौकटीत कमी मावतं. दहीवडेवाला द्रोण हवेत उडवतो ना, तो द्रोण, त्याचा हात आणि चेहरा एकत्र हवे असतील तर मागे सरा, अजून सरा, आणि मागे जागा आहे कुठे? एकदा असाच डोळा व्ह्यूफाइंडरला लावून उलटा चालत गेलो तो थेट एका काकूंच्या गरमागरम गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) प्लेटवर. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांचा मुलगा बोलला, अस्सल इंदुरीत, ते इथे लिहिता येत नाही.

आणि दुसरं म्हणजे ५० पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही, ३५ तीस सेंटीमीटरपर्यंत येते. म्हणजे एका हातात भुट्ट्याच्या कीसाचा द्रोण, दुसऱ्या हातात कॅमेरा, आणि लेन्स नुसती घरघर करत पुढे-मागे. कीस गार.

३५ ने तोच दहीवडेवाला दोन पावलांवरून पूर्ण मावला. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ठेवा आणि द्रोण अगदी वर पोचला की क्लिक करा, तिथे तो क्षणभर थांबल्यासारखाच असतो, १/२०० सेकंदाचं शटर सुद्धा पुरतं. खाली येताना धराल तर १/५०० लागेल, आणि एवढ्या फास्ट शटरला काही एलईडी बल्बांखाली फोटोत काळपट पट्टे येतात.

अर्थात तुम्ही मुख्यतः पोर्ट्रेटच काढणार असाल तर माझं ऐकू नका, ५० च घ्या बहुतेक. ठरत नसेल तर किट लेन्सची झूम रिंग ३५ वर चिकटपट्टीने बांधून एक आठवडा फिरा, पुढच्या आठवड्यात ५० वर. फुकटात कळतं.

माझी ५० आता त्याच भाच्याकडे असते. घरात लग्नकार्य असलं की मागून आणतो, सराफ्यात मात्र नेत नाही.