पाडव्याचा टीव्ही आणि मॉडेल नंबरातलं एक अक्षर

आमचा जुना टीव्ही अकरा वर्षं चालला, मग २०२५ च्या गणपतीत स्क्रीनवर मधोमध एक हिरवी उभी रेघ आली, आधी एक मग तीन, आणि बाबांनी जाहीर केलं की आता पाडव्याला नवीनच आणायचा. मी पुण्यात, आईबाबा कोल्हापुरात, म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा तिथल्याच एका मोठ्या दुकानात बाबा आणि मी गेलो. नाव लिहीत नाही, कारण असलंच बाकी ठिकाणी पण झालेलं नंतर चार जणांकडून ऐकलं.

मी महिनाभर व्हिडिओ बघून डोकं पिकवून घेतलं होतं, त्यामुळे वाटत होतं आपल्याला कोण फसवतंय. एवढं कळलं होतं की आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच, फक्त मागचा उजेड एलईडीचा. क्यूएलईडी पण त्यातलाच, एक क्वांटम डॉटचा थर जास्त, मागून निळा उजेड येतो आणि ते बारीक कण त्यातून लाल-हिरवा काढतात म्हणून रंग खुलतात. ओएलईडीत मागे दिवेच नाहीत, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो नि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरंच काळं. नावात एका अक्षराचा फरक, आत सगळंच वेगळं.

आणि सेल्समन पहिलंच वाक्य काय बोलला तर, "दादा, ओ काय नि क्यू काय, सगळं एकच असतंय बघा, कंपनी वेगळी म्हणून नाव वेगळं."

मी लगेच त्याला वरचं सगळं प्रवचन दिलं. बाबा पण जरा कौतुकाने बघत होते. त्यावर तो हसला, चहा मागवला आणि म्हणाला, "तुम्हाला माहितीय म्हणजे बरं झालं, मग तुमच्याशी खरंच बोलतो." इथे मी गेलो. ह्या माणसाला आता आपल्याला गंडवता येणार नाही असं माझं मीच ठरवून टाकलं.

ओएलईडी १ लाख १८ हजारांना होता, आमचं बजेट सत्तरपर्यंत. शिवाय बाबांकडे दिवसभर न्यूज चॅनेल चालू, खालची पट्टी तासन् तास तिथंच, तर ओएलईडीवर त्याचा डाग कायमचा बसू शकतो, हे तो खरंच बोलला. मग त्याने ५५ इंची क्यूएलईडी दाखवला, फुल अ‍ॅरे लोकल डिमिंगवाला, म्हणजे पूर्ण पॅनेलच्या मागे दिवे, त्यांचे गट पाडलेले, चित्रात जिथं काळोख तिथले दिवे मंद होतात. मी हुशारी केली, दुकानाचा पोपट आणि फुलांचा भडक व्हिडिओ बंद करायला लावला, स्टोअर मोड, म्हणजे दुकानात चित्र भडक दिसावं म्हणूनचं सेटिंग, काढायला लावला आणि स्वतःच्या पेन ड्राइव्हवरचं रात्रीचं आकाश लावलं. मस्त दिसलं. भावाला विचारायला म्हणून प्राइस टॅगसकट फोटो पाठवला, नशीब माझं. भाव सांगितला ६९,५००. ऑनलाइनपेक्षा एवढा कमी कसा विचारलं तर म्हणे ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय ना. ते तर २२ सप्टेंबरपासून झालंच होतं, म्हणून पटलं.

"डिस्प्लेचा पीस नको, गोडाऊनमधून सीलपॅक देतो, सेम टू सेम." हे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाकलं. पाडव्याची गर्दी, रात्रीचे नऊ, बिलावर मी बघितलं काय तर रक्कम आणि जीएसटी. मॉडेल नंबर ही पंधरा अक्षरांची आगगाडी, ती कोण वाचतंय.

भाऊबीजेला टीव्ही आला. कंपनीचा माणूस भिंतीला लावून गेला, जाताना सहज म्हणाला, "एज-लिटमध्ये हा चांगलाय." मी म्हटलं एज-लिट कसा, फुल अ‍ॅरे आहे. तो म्हणाला नाही साहेब, ह्यात दिवे खालच्या कडेलाच. रात्री हॉलचे दिवे बंद करून तोच पेन ड्राइव्ह लावला. आकाश राखाडी, राख फासल्यासारखं, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत उजेड, बंद दाराच्या फटीतून बाहेरचा बल्ब दिसतो तसा. भावाकडून फोटो परत मागवला, टीव्हीच्या मागे टॉर्च मारून स्टिकर वाचला. सगळी अक्षरं तीच, शेवटून तिसरं तेवढं वेगळं. आणि बिलावर? बिलावर हा घरी आलेलाच नंबर.

दुकानात मॅनेजर म्हणाला बिलात जे आहे ते दिलंय, बॉक्स फोडलाय, आता कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली पॅनेलमध्ये दोष नाही तर बदलून कसा देणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर, हेच तर संतापजनक. आणि तो सेल्समन तेव्हापासून "सुट्टीवर".

शेवटी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, आणि टॅगचा फोटो, स्टिकरचा फोटो आणि तो "सेम टू सेम" मेसेज जोडून दुकानाला लेखी पत्र दिलं की आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो, पाच लाखापर्यंतच्या खरेदीला तिथे फी पण नाही. सतरा दिवसांनी फोन आला. टीव्ही बदलून नाही, पैसे नाहीत, ९ हजारांची क्रेडिट नोट, तीही त्यांच्याच दुकानात वापरायची. बाबा म्हणाले घे आणि मिटव. बहिणीने टीव्ही घेतला तेव्हा मी पैसे द्यायच्या आधी डिस्प्लेवरचा पूर्ण नंबर कोटेशनवर लिहून सही घ्यायला लावली, आणि डिलिव्हरीवाल्याला थांबवून बॉक्सवरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून वाचला, तो वैतागला, वैतागू दे. तिच्याही बॉक्सवर मोठ्ठं १२० मोशन लिहिलेलं, कंपनीच्या साइटवर बघितलं तर पॅनेल ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठदाच चित्र बदलणारा, पण निदान ते घेण्याआधी कळलं.

आमच्या क्रेडिट नोटेत आईने मिक्सर घेतला. बाबा रात्री टीव्ही बघताना आता हॉलची ट्यूब चालूच ठेवतात, मी बंद करायला उठलो की म्हणतात, राहू दे, अंधारात टीव्ही बघून डोळे जातात.