नाशिकात फिरायचं तर सिटीलिंक की शेअर रिक्षा?

दोन-तीन दिवसांसाठी नाशिकला जाणार असाल आणि स्वतःची गाडी नेणार नसाल, तर प्रश्न एवढाच उरतो: शहर बस, म्हणजे सिटीलिंक, की शेअर रिक्षा? अॅपवरची गाडी आहे, भाड्याची दुचाकीही मिळते, त्यांचंही पुढं बोलतो. पण रोजचा सामना या दोघांतच. माझी सासुरवाडी पंचवटीत. कल्याणहून सारखं जाणं-येणं असतं आणि मेहुण्याला दर वेळी दुचाकी घेऊन स्टेशनवर बोलावणं मला पटत नाही. त्यामुळे दोन्ही प्रकार भरपूर करून झालेत.

आधी भूगोल, कारण सगळा घोळ तिथंच आहे. रेल्वेनं येणारा माणूस नाशिकमध्ये उतरत नाही, नाशिकरोडला उतरतो. तिथून शहरातलं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, नऊ-दहा किलोमीटर. मध्ये बिटको, उपनगर, गांधीनगर, द्वारका. हे दुखणं आजचं नाही. याच अंतरासाठी 1889 साली स्टेशनपासून मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत घोड्यांनी ओढायची ट्राम टाकली होती. तिचा सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी करणारा तोच. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद पडली. अलीकडे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओची घोषणा झाली, 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी 2,092 कोटींचा आकडाही आला. तुमचं तिकीट या आठवड्याचं असेल तर तिचा विचार सोडा.

शहर बस पूर्वी एसटी चालवायची. 8 जुलै 2021 पासून महापालिकेची सिटीलिंक आली. स्टेशनातून बाहेर पडलात की बसस्थानक समोरच आहे, आणि नाशिकरोड ते निमाणी (पंचवटीतलं बसस्थानक) हा पाहुण्याच्या दृष्टीनं सगळ्यात कामाचा मार्ग. द्वारका, शालिमार, सीबीएसचा भाग, रविवार कारंजा, मग होळकर पुलावरून गोदावरी ओलांडून पंचवटी. कुठल्या रस्त्यानं जाते हे चढताना विचारून घ्या, सगळ्या बस एकाच वाटेनं जात नाहीत. पाटी मराठीत असते, त्यामुळे आपल्याला अडचण नाही.

आता शेअर रिक्षा. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की ‘शालिमार, शालिमार, द्वारका, सीबीएस’ असा पुकारा सुरू असतो. एक रिक्षा चालूच असते, इंजिन धडधडतंय, चालक अर्धा आत, अर्धा बाहेर. ‘चला साहेब, निघालीच.’ तुम्ही बसता, बॅग मांडीवर घेता. रिक्षा चार फूट पुढं जाते. थांबते. मग चार फूट मागं येते. पुन्हा पुढं. हे सगळं तुमच्यासाठी नसतं, स्टेशनच्या पुलावरून उतरणाऱ्या पुढच्या माणसासाठी असतं, त्याला वाटावं की आता ही सुटली. मागं तिघं झाले की गाडी भरली असं आपल्याला वाटतं. परवान्याच्या हिशेबानं ती भरलेली असतेच. चालकाच्या हिशेबात मात्र त्याच्या शेजारची पट्टी अजून रिकामी असते. तेवढ्यात एखाद्या ताई येतात, आणि मागच्यांतल्या सगळ्यात सडपातळ माणसाकडं बघून चालक म्हणतो, ‘दादा, तुम्ही जरा पुढं या, ताईंना बसू द्या.’

मी सडपातळ आहे.

म्हणजे एक मांडी सीटवर, दुसरी हवेत, एक हात मागच्या दांड्याला, बॅग मागं अनोळखी गृहस्थांच्या पायाशी. असा मी द्वारकेच्या चौकात सिग्नल सुटायची वाट बघत बसतो आणि शेजारून बस जाते. माझं मत कुठं बनलं असं कुणी विचारलं तर तिथं.

थांबण्याचं मला वावडं नाही. बससाठीही थांबावं लागतं, कधी कधी रिक्षापेक्षा जास्त. पण थांब्यावर मी मोकळा असतो. चहा घेतो, फोन करतो, फारच उशीर झाला तर रिक्षाकडं वळतो. रिक्षात एकदा बसलं की दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखं पुढच्या गिऱ्हाइकाला दिसत राहायचं. उतरावं तर ‘अहो निघतोच की’ आणि बसावं तर निघत नाही. पैसे किती लागले, वेळ किती गेला, हे हिशेब नंतरचे. ही ओलीस बसल्याची भावना मला नको असते, विशेषतः सुट्टीवर असताना.

माझा मेहुणा याच्या अगदी उलट मताचा. ‘दाजी, तुम्ही रिकाम्या रिक्षात बसता, तिथंच चुकतं. दोघं बसलेली बघायची, तिसरे आपण. की सुटलीच.’ युक्ती बरोबर आहे. पण ती वापरायला कोणत्या कोपऱ्यावरची रिक्षा कुठं जाते, कोण चौथा घेतो आणि कोण घेत नाही, हे माहीत लागतं. तो जन्मानं नाशिककर, त्याला चेहऱ्यावरून कळतं. पाहुण्याच्या हातात बॅग दिसली की त्याच्याशी वेगळंच बोलणं सुरू होतं: ‘त्र्यंबक? शिर्डी? पंचवटी दर्शन? स्पेशल सोडू का?’ शालिमारला जायचंय हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

रिक्षाच्या बाजूनंही बरंच बोलता येईल आणि ते बोललं पाहिजे. ती हात दाखवाल तिथं थांबते. तुम्ही तिघं असाल तर मागची सीट तुमचीच, वाट बघणं जवळपास संपतं आणि तिघांचं भाडं मिळूनही फार होत नाही. अशा वेळी मी स्वतः शेअरच सुचवीन. सीबीएसहून सातपूरकडं, किंवा द्वारकेहून शालिमारपर्यंत अशा छोट्या टप्प्यांना बसची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि रात्री तर तुलनाच नको. संध्याकाळी मुंबईहून सुटलेली पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडला पोचेपर्यंत बस विरळ झालेल्या असतात. तेव्हा रिक्षाच, शक्यतो स्पेशल, आणि भाडं बसण्याआधी ठरवून. मीटरचा विषय काढून बघा, चालकाच्या चेहऱ्यावर ‘पाहुणे दिसता’ असं स्पष्ट उमटतं.

बायकोचं मत विचारलंत तर ती बिनशर्त बसच्या बाजूनं. तिचं कारण माझ्यापेक्षा सरळ आहे: बसमध्ये बसायला जागा नसली तरी उभं राहायला असते, आणि कुणाच्या खांद्यावर खांदा टाकून बसावं लागत नाही.

कुठं काय वापरावं, हे ठिकाणावर फार अवलंबून आहे.

गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) जायचं असेल, म्हणजे रामकुंड, काळाराम, सीता गुंफा, तर निमाणीची बस पकडा आणि थेट निमाणीपर्यंत न जाता मालेगाव स्टँडला किंवा पंचवटी कारंजाला उतरा. कंडक्टरला ‘गंगेवर जायचंय’ एवढं सांगितलं तरी पुरतं, तो वेळेला हाक मारतो. मालेगाव स्टँडवरून रामकुंड खाली उतारावर आहे, कारंजावरून काळाराम चार पावलांवर. त्यापुढं बस नाही, रिक्षा नाही, पाय. सराफ बाजार, दहीपूल, भद्रकाली या गल्ल्यांत रिक्षानं शिरणं म्हणजे पैसे देऊन अडकणं. सीबीएसपासून रामकुंडापर्यंत चालत गेलात तरी दोन किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मेनरोडनं गेलात तर वाटेत वेळ छान जातो.

मुक्तिधामसाठी वेगळी फेरी आखू नका. ते नाशिकरोडलाच आहे, स्टेशनापासून चालत जाता येतं. गाडी यायला वेळ असेल तेव्हा जा. भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेत, वाचत बसलात तर गाडी चुकेल, एवढीच सूचना.

पांडवलेणी मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, पाथर्डी फाट्याजवळ. बसनं पायथ्याच्या जवळ उतरता येतं. पुढचा डोंगर तुमचा. लेणी 24, पायऱ्या बऱ्याच, उन्हाळ्यात सकाळीच उरका. परतताना मात्र महामार्गाच्या योग्य बाजूला उभं राहायची काळजी घ्या. इथं रिक्षावाले येताना ‘थांबतो’ म्हणतात आणि थांबण्याचे पैसे वेगळे लावतात. गटानं गेला असाल तर ते परवडतं, एकट्यादुकट्याला नाही.

त्र्यंबकेश्वर हा वेगळाच मामला, कारण तिथं तिसरा उमेदवार उभा राहतो: एसटी. नाशिकपासून अंतर 28-30 किलोमीटर, रस्ता सातपूर, महिरावणी, अंजनेरीवरून. एसटी जाते आणि सिटीलिंकचीही बस जाते. ठक्कर बाजार, मेळा आणि जुनं सीबीएस ही स्थानकं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, तेव्हा चुकीच्या स्थानकात शिरलात तरी फार बिघडत नाही. महामार्ग बसस्थानक मात्र मुंबई नाक्याला आहे, ते यांत धरू नका. घरात बायका आणि वडीलधारे असतील तर एसटीचा पर्याय आधी बघा: महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, आधार कार्ड जवळ ठेवायचं. आम्ही सासूबाईंना घेऊन जातो तेव्हा एसटीनंच जातो, आणि त्या तिकीट लागत नाही याचा आनंद देवदर्शनापेक्षा जास्त वेळ सांगतात. एकटा असेन तर समोर जी बस आधी लागेल ती. काळ्या-पिवळ्या जीपही मिळतात, पण तिथं पुन्हा तेच, ‘निघालीच’, आणि इथं चौथ्या नव्हे तर दहाव्या माणसाची वाट बघायची असते.

श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जाणार असाल तर रिक्षा, जीप, स्वतःची गाडी सगळं विसरा. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जी गर्दी लोटते, तिच्यासाठी जादा बस सोडतात आणि खासगी गाड्या गावाबाहेर अडवतात. सिंहस्थातही असंच. 2015 साली बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून पुढं बसनं नेत होते. पुढचं सिंहस्थ स्नान 2027 मध्ये आहे, तेव्हा येणाऱ्यांनी बस की रिक्षा हा प्रश्न मनात आणायचंच कारण नाही.

गंगापूर धरण, सोमेश्वरच्या पुढचा भाग, द्राक्षमळे आणि वायनरी या बाजूला जायचं असेल तर मात्र माझी बाजू लंगडी पडते. सोमेश्वरपर्यंत बसनं जमतं. पुढं अॅपची गाडी सोयीची वाटते आणि जाताना मिळतेही. येताना मोबाइलवर गोल फिरत राहतं, चालक फोन करून ‘कुठं जायचंय, पैसे कसे देणार’ विचारतो आणि रद्द करतो. त्यामुळे तिकडं जायचं असेल तर जाऊन-येऊन गाडी ठरवणं किंवा दुचाकी भाड्यानं घेणं बरं. दुचाकीचा मला फारसा अनुभव नाही, शहरातल्या सिग्नलांवर ती चालवण्याची हौसही नाही.

बसनं फिरायचं ठरवलंत तर दोन गोष्टी. सिटीलिंकचं अॅप आधीच उतरवून ठेवा, मार्ग शोधायला उपयोगी पडतं. आणि सुट्टे पैसे. सकाळी सकाळी पाचशेची नोट काढलीत तर कंडक्टर काही बोलत नाही, नुसता बघतो. संध्याकाळी कारखाने आणि कॉलेजं सुटतात त्या वेळेला मोठ्या बॅगेसह बसमध्ये शिरू नका, तेव्हा माझाही बसबद्दलचा आग्रह ढिला पडतो. द्वारकेला त्या वेळी सगळेच अडकतात, बसही आणि रिक्षाही, तेव्हा स्टेशनाकडं निघताना हाताशी एक तास ठेवा.

एकटा किंवा दोघं, दिवसाची वेळ, अंतर जरा लांबचं, तर मी बस धरतो. तुम्ही तिघं-चौघं असाल, घाईत असाल, किंवा चार माणसांशी घासाघीस करायला तुम्हाला मजा येत असेल, तर रिक्षानं तुमचं काही अडणार नाही. सकाळची पंचवटी पकडायची असेल तेव्हा तर मीही बसच्या भरवशावर राहत नाही. ती सातच्या सुमाराला नाशिकरोडहून सुटते आणि इतक्या पहाटे थांब्यावर उभं राहण्यात शहाणपण नाही. मेहुण्याच्या गल्लीत एक रिक्षावाले काका आहेत, आदल्या रात्री सांगून ठेवलं की दाराशी हजर. मीटर टाकत नाहीत, पण वेळेला पक्के, आणि पुढच्या सीटवर कुणालाही बसवत नाहीत.